राजाच्या बाजूची चिठ्ठी

"इंग्लंडच्या राजाच्या बाजूनं? तू? माझी नात?"

मी इतक्या जोरात ओरडलो की माझ्या बायकोनं, चित्रानं, तव्यावरचं थालीपीठ सोडून माझ्याकडे बघितलं. मैत्रेयी मात्र ढिम्म. किचन काउंटरच्या उंच स्टुलावर बसून दह्यात साखर कालवत होती. बारा वर्षांची आहे, आणि माझा आवाज तिला जन्मापासून ठाऊक आहे.

तिच्या सातवीच्या वर्गात इतिहासाला अमेरिकेचं स्वातंत्र्ययुद्ध चाललं होतं. बाई होत्या मिसेस मॅकॅलम. त्यांनी एका लोकरी टोपीत चिठ्ठ्या टाकल्या. निम्म्या पोरांना बंडखोरांची बाजू, निम्म्यांना राजनिष्ठांची, म्हणजे लॉयलिस्टांची. प्रत्येकानं त्या काळातला एक माणूस व्हायचं आणि येत्या गुरुवारी शाळेच्या लायब्ररीत, आईबापांच्या समोर, दोन मिनिटं बोलायचं. मग समोरच्या बाजूनं उलटतपासणी. मैत्रेयीच्या हाताला राजाची चिठ्ठी लागली होती.

"टोपीत पुन्हा हात घाल म्हणावं," मी म्हणालो.

"आजोबा, इट्स रँडम."

"रँडम गेलं खड्ड्यात! ते बघ, ते काय आहे भिंतीवर?"

बघायची गरज नव्हती. आमच्या कॅनडातल्या, हॅमिल्टनच्या घरात येणाऱ्या प्रत्येकाला मी ते दाखवतो. माझ्या वडिलांचा, अण्णांचा, ताम्रपट. बेचाळीस साली कराडच्या कचेरीवर तिरंगा लावायला गेले आणि बावीस महिने येरवड्यात काढून आले. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा सरकारनं स्वातंत्र्यसैनिकांना ताम्रपट दिले, त्यातला हा. मी दर पंधरा ऑगस्टला चिंच लावून घासतो. लोक विचारतात, तेव्हा सांगतो, अण्णांनी मला दिला.

"ज्या राजाच्या तुरुंगात तुझ्या पणजोबांनी भुसा मिसळलेली भाकरी खाल्ली, त्या राजाची तू वकिली करणार?"

"वेगळा राजा, आजोबा. वन सेव्हन्टी इयर्स अर्लियर."

"घराणं तेच! खुर्ची तीच!" वंशावळीचा घोळ मला माहीत आहे, पण त्या क्षणी कोणाला पर्वा होती.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत फोन केला. ऐंशी वर्षांच्या माणसाचा फोन आला की इथले लोक फार गोड बोलतात, त्यानं माझं आणखीच डोकं फिरतं. मिसेस मॅकॅलमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मिस्टर खांबेटे, युद्ध हरल्यावर राजनिष्ठांमधले हजारो लोक घरदार सोडून इकडे कॅनडात आले. आपल्या हॅमिल्टनमध्येसुद्धा आले. एखादा भला माणूस राजाकडे का राहिला असेल, हे मैत्रेयीनं शोधून काढावं, एवढंच मला हवंय."

भला माणूस! तळपायाची आग मस्तकात गेली. मी फोन ठेवला आणि लिहायला बसलो.

आता आमची पद्धत सांगतो. मराठी मंडळाच्या वक्तृत्व स्पर्धेचा मी तीस वर्षं परीक्षक होतो. भाषण मोठ्यांनी लिहायचं आणि मुलांनी पाठ करायचं, हे कोणी कोणाला सांगत नाही, सगळ्यांना ठाऊक असतं. माझ्या मुलानं, नीलनं, तीन कप आणले ते माझ्या भाषणांवर. सुरुवातीला थांबायचं, मनात तीन आकडे मोजायचे. तिसऱ्या परिच्छेदाला उजवा हात वर. शेवटचं वाक्य श्रोत्यांकडे बोट करून. तसंच मी मैत्रेयीसाठी इंग्रजीत एक फक्कड भाषण लिहिलं. माणूस आरंभी राजनिष्ठ, पण दुसऱ्या परिच्छेदात बॉस्टनच्या बंदरात चहाच्या पेट्या पाण्यात पडताना बघतो आणि त्याचे डोळे उघडतात. आमच्यावर कर लावणार तुम्ही, आणि तुमच्या पार्लमेंटात आमचा एक माणूस नाही? कागदाला सरकारी तिकीट, चहाला जकात, आणि तक्रार केली तर दारात सैनिक? शेवटी तो आपल्याच जुन्या सोबत्यांकडे बोट करून गर्जतो, "राजाच्या ताटातले उष्टे तुकडे वेचणाऱ्यांनो, उद्या तुमच्या पोरांना काय सांगाल?"

लिहून झालं तेव्हा माझ्याच अंगावर काटा आला.

रविवारी दुपारी तालीम घेतली. मैत्रेयीनं एकदा वाचलं. किराणा मालाची यादी वाचावी तसं वाचलं.

"हात! हात कुठे गेला?"

"आजोबा, इट्स रिअली गुड. पण हे दुसऱ्या साइडचं आहे."

"अर्ध्यात त्याचं मत बदलतं ना."

"दॅट्स चीटिंग. मला फाइंड आउट करायचंय की तो का राहिला." तिनं वही उघडली. "का राहिला असेल?"

"लाचारी!" मी म्हणालो. "दुसरं काय? जमिनीचा तुकडा, सरकारी नोकरी. कण्याच्या जागी रबर असलेले लोक."

तिनं रोमन लिपीत 'लाचारी' लिहून घेतलं. मग पेन्सिल तोंडात धरून ताम्रपटाकडे बघितलं, आणि मग माझ्याकडे.

"तुम्ही कॅनेडियन झालात तेव्हा ओथ घेतली ना? आम्ही स्कूलमध्ये वाचली ती. कोणाला प्रॉमिस केलं? किंगला?"

"तेव्हा राणी होती."

"सो, यू प्रॉमिस्ड द क्वीन."

"ते वेगळं!"

"कसं?"

मी टेबलावर हात आपटला. कप कलंडला आणि चहा भाषणाच्या कागदांवर सांडला. "कसं म्हणजे? आजोबाला उलटे प्रश्न विचारतेस? ऊठ इथून!" आणखीही काही बोललो. ते लिहीत नाही, कारण लाज वाटते. ती रडली असती तर बरं झालं असतं. तिनं ओले कागद टिपून घेतले, वही उचलली आणि बेसमेंटमध्ये निघून गेली. तिथं चित्रा वाळवणाचे डबे भरत होती.

संध्याकाळी चित्रा वर आली. "खाई त्याला खवखवे," एवढंच म्हणाली आणि भाजी चिरायला बसली.

खवखवणारच. एकोणीसशे पंच्याहत्तर सालच्या मार्च महिन्यातली गोष्ट. मी स्टीलच्या कारखान्यात मेटलर्जिस्ट होतो. तिथल्या एका लॅबमध्ये सरकारी काम चालायचं, आणि त्या जागेसाठी नागरिक असणं आवश्यक होतं. आम्ही दोघं एका इटालियन म्हातारीच्या बेसमेंटमधल्या एका खोलीत राहत होतो. खिडकी एवढीशी, तीही बर्फानं बुजलेली. वर ती म्हातारी चालली की चित्रा दचकायची. मी पाळी करून यायचो तेव्हा हात इतके गारठलेले असायचे की बटणं चित्रा काढायची. परत जायचं तर तोंड काय दाखवायचं? शेवटी अर्ज केला. कोर्टात तीसेक माणसं होतो. उजवा हात वर करून, राणीशी आणि तिच्या वारसांशी इमान राखीन, असं मोठ्यानं म्हणालो. पुटपुटता आलं असतं, पण मी मोठ्यानं म्हणालो. मला जागा मिळाली.

महिन्यानं अण्णांचं पत्र आलं. अण्णा मला नेहमी 'चि. नंदकुमार यास अनेक आशीर्वाद' असं लिहायचे. या पत्रात वर होतं, 'श्री. नंदकुमार खांबेटे यांस, स. न. वि. वि.' बापानं पोटच्या पोराला श्री. लिहिलं! खाली दोन ओळी. 'आपण इंग्लंडच्या राणीशी इमान राखण्याची शपथ वाहिल्याचे समजले. आमच्याशी राखावयाचे आता काही उरले नसावे. कळावे.' आशीर्वाद नाही, काही नाही.

मी उत्तर दिलं नाही. मलाही राग आला होता. ज्या माणसानं बटणाला बोट लावता येणार नाही अशी थंडी कधी पाहिली नाही, तो मला शिकवणार? आज लिहू, उद्या लिहू करत आठ वर्षं गेली आणि अण्णा गेले. ताम्रपट त्यांनी मला दिलेला नाही. ते गेल्यावर तीन वर्षांनी माझी धाकटी बहीण वनिता इकडे आली, तेव्हा साड्यांच्या घडीत घालून घेऊन आली. तिच्या पुण्याच्या फ्लॅटमध्ये म्हणे जागा नव्हती. तो मी भिंतीवर लावला आणि लोकांना सांगायला लागलो. सांगून सांगून मलाही खरं वाटायला लागलं होतं.

सोमवार ते बुधवार मैत्रेयी माझ्याशी बोलली नाही. शाळा सुटली की यायची, खायची आणि चित्राबरोबर बेसमेंटमध्ये गायब. तिची आई, माझी सून चैत्राली, हॉस्पिटलातून ड्यूटी संपवून न्यायला येईपर्यंत वर फिरकायची नाही. मंगळवारी जिन्यातून वनिताचा आवाज ऐकू आला, आयपॅडवरून; पुण्यात तेव्हा मध्यरात्र उलटलेली. "नंदूदादाला नको सांगू हं," असं ती म्हणाली आणि तिघी हसल्या. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

"तिला पत्र दाखवलंस तू?" मी चित्राला विचारलं.

"तिनं विचारलं, मी दाखवलं. तुम्हांला पन्नास वर्षांत कोणी विचारलं नाही, त्याला मी काय करू?"

"चित्रा, ती तिथं वाचून दाखवेल. सगळ्यांसमोर! अण्णांचं नाव, माझं नाव... मंडळातले लोक असतील तिथं. तिच्या त्या मैत्रिणीचे, ईशानीचे आईबाप असतील. मी काय तोंड दाखवू?"

"आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं बघायचं वाकून. लाचारी हा शब्द कोणी दिला तिला?"

"मी येणारच नाही."

"नका येऊ," चित्रा म्हणाली.

गेलो. न जाऊन सांगतो कोणाला! घरी बसून ताम्रपटाकडे बघत बसणं जास्त वाईट होतं.

लायब्ररीत खुर्च्यांच्या दोन रांगा समोरासमोर मांडल्या होत्या. डावीकडे बंडखोर, उजवीकडे राजनिष्ठ, आणि मागे आम्ही. आधी, ही जमीन मुळात इथल्या कोणत्या आदिवासी जमातींची होती, ते एका पोरीनं रीतीप्रमाणे वाचून दाखवलं. मिसेस मॅकॅलमनी नियम सांगितले, प्रेक्षकांनी बोलायचं नाही हाही त्यात होता. मग बंडखोरांची पहिली वक्ता उठली. ईशानी, मैत्रेयीची जिवलग मैत्रीण, नागपूरकरांची मुलगी. ती पुढे आली आणि थांबली.

एक, दोन, तीन.

माझे कान टवकारले. पहिल्या वाक्याला ओळख पटली. दुसऱ्याला खात्री झाली. माझं भाषण! चहाच्या पेट्या, कागदाचं तिकीट, दारातले सैनिक, सगळं माझं. मत बदलण्याचा भाग तेवढा गाळला होता, माणूस पहिल्यापासूनच बंडखोर. तिसऱ्या परिच्छेदाला उजवा हात असा वर गेला, की नीलचासुद्धा कधी गेला नव्हता.

चित्रा माझ्या कानाशी आली. "मैत्रेयीनं देऊन टाकलं तिला. एवढं चांगलं लिहिलंय, वाया कशाला घालवायचं, म्हणाली."

ईशानीनं शेवटचं वाक्य टाकलं, उष्ट्या तुकड्यांचं, थेट मैत्रेयीच्या रांगेकडे बोट करून. टाळ्यांचा कडकडाट झाला. मीही वाजवल्या. छाती फुगली माझी, खोटं कशाला बोलू?

मग मैत्रेयी उठली. हातात कागद, आवाज बारीक, हावभाव शून्य. परीक्षक म्हणून मी दहापैकी चार दिले असते.

"माझं नाव जोनाथन," ती इंग्रजीत म्हणाली. "मी लोहार आहे. माझे वडील म्हणतात राजा चोर आहे. त्यांचं बरोबर आहे. राजाच्या विरुद्ध गेले म्हणून ते तुरुंगात होते, आणि मला त्यांचा अभिमान आहे. पण मी त्यांच्यासारखा शूर नाही. मला लोखंडाचं काम येतं आणि माझी बायको रात्रंदिवस घाबरलेली असते. इकडे उत्तरेला, तळ्याच्या काठी, काम आहे असं कळलं. तिथं एक शपथ घ्यावी लागते. मी घेतली. मला राजा आवडत नाही. मला खिडकी असलेलं घर हवं होतं."

मी खुर्चीचा दांडा घट्ट धरला.

"वडिलांनी मला पत्र लिहिलं. त्यात त्यांनी मला मिस्टर म्हटलं. मी त्यांना उत्तर लिहिलं नाही, कारण मला राग आला होता, आणि मग ते वारले. त्यांचा हातोडा माझ्या बहिणीनं मला आणून दिला. मी तो भिंतीवर लावलाय. सगळ्यांना सांगतो, वडिलांनी दिला. माझी मुलं विचारत नाहीत. मी वाईट माणूस आहे असं मला वाटत नाही. पण मला वाटतं की त्यांना तसं वाटलं असेल, आणि मी कधी विचारलं नाही."

ती बसली. टाळ्या पडल्या, बेताच्या. नील माझ्या दोन खुर्च्या पलीकडे होता. त्यानं वळून माझ्याकडे बघितलं. हातोडा म्हणजे काय ते त्याला कळलं होतं. लहानपणापासून तो त्या ताम्रपटाची माझी गोष्ट ऐकत आला होता. माझे कान गरम झाले.

उलटतपासणी सुरू झाली आणि ईशानी ताडकन उठली. पोरगी रंगात आली होती. "जोनाथन, तू घाबरट आहेस!" ती म्हणाली. "तुझे वडील तुरुंगात गेले आणि तू खिडकीसाठी विकला गेलास. यू आर अ ट्रेटर. राजाच्या ताटातले उष्टे तुकडे वेचतोस तू! उद्या तुझ्या पोरांना काय सांगशील?"

मैत्रेयीनं तोंड उघडलं. कागदावर बघितलं. कागदावर उत्तर नव्हतं. सगळी लायब्ररी वाट बघत होती.

मी उभा राहिलो. कसा ते मला माहीत नाही, ऐंशीव्या वर्षी गुडघे मला विचारल्याशिवाय उठत नाहीत.

"ए पोरी, बस खाली!" मी मराठीत ओरडलो. मग इंग्रजीत ओरडलो. "तुकडे? कोणाचे तुकडे? अरे, पहाटे पाचला कारखान्यात जाऊन मी कमावलेली भाकरी आहे ती! उणे पंचवीसमध्ये बसची वाट बघितली आहेस कधी? नवऱ्याची बोटं चालत नाहीत म्हणून त्याच्या शर्टाची बटणं काढली आहेस? घाबरट म्हणे! घाबरलेलाच होतो, मग? घाबरलेल्या माणसानं जगायचं नाही का? ज्यानं लिहिलंय हे उष्ट्या तुकड्यांचं, त्याला म्हणावं, आधी स्वतःच्या ताटात बघ!"

ईशानीचं तोंड एवढंसं झालं. बिचारी माझीच वाक्यं बोलली होती. मला तिच्याकडे बघवेना, पण बसताही येईना. नील अर्धवट उठला होता. चित्रा माझी बाही ओढत नव्हती. पुढं काय होतंय ते ती हात बांधून बघत होती.

मिसेस मॅकॅलम पुढे आल्या. चिडल्या होत्या, पण आवाज शांत होता. "सर, प्रेक्षकांनी बोलायचं नाही असं ठरलं होतं. आणि बोलायचंच असेल तर इथं बाजू सांगून बोलावं लागतं. तुम्ही कोणत्या बाजूनं बोलताय?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मंडळाचे लोक, ईशानीचे आईबाप, माझा मुलगा. मला अण्णांचं अक्षर डोळ्यांसमोर दिसत होतं, तो 'श्री.' दिसत होता.

"लॉयलिस्ट," मी म्हणालो. "नाइन्टीन सेव्हन्टी-फाइव्हपासून." आणि नीलकडे वळून मराठीत म्हणालो, "ताम्रपट अण्णांनी मला दिला नाही. वनितानं आणला." मग बसलो.

कार्यक्रम संपल्यावर मी ईशानीला शोधून तिची माफी मागितली. तिचं भाषण उत्तम झालं, हात तर अप्रतिम, असं सांगितलं. ती घाबरतच "थँक यू, आजोबा" म्हणाली आणि आईच्या मागे सरकली.

गाडी नील चालवत होता. मी त्याच्या शेजारी. मागे चित्रा आणि मैत्रेयी. मुख्य रस्त्याला लागलो. मग मागून आवाज आला. चार दिवसांत पहिल्यांदा ती माझ्याशी बोलत होती.

"आजोबा, मिसेस मॅकॅलमनी दोन मार्क्स कट केले. तुम्ही मध्ये बोललात म्हणून."

माझं डोकं पुन्हा तापलं. "कोणाचे? त्या बंडखोरांचे ना?"

"नो. आमचे," मैत्रेयी म्हणाली. "तुम्ही आमच्या साइडला आहात म्हणालात ना."